दैव पाचवं

आपल्याकडच्या मालिकेत कुणी रुग्णालयात मेलं, तर त्याची कारणं दोनच असतात. एक तर कुणा नणंदेने सलाइनच्या बाटलीत सुईने काहीतरी टोचलेलं असतं, नाहीतर देवाची इच्छा. पहिल्या प्रकारात तिचा चेहरा तीन बाजूंनी दिसतो आणि दर वेळी ढोल आपटतो. दुसऱ्यात दारावरचा लाल दिवा विझतो, डॉक्टर मास्क हनुवटीखाली ओढतात, चष्मा काढतात आणि 'आम्ही शर्थ केली, पण...' एवढं म्हणून चालू लागतात. त्या 'पण'च्या पुढे काय, ते कुणी लिहीत नाही. डॉक्टर भला माणूस आहे, हुशार आहे, त्याने रात्रभर घाम गाळला, आणि तरीही सुरुवातीला त्याचं लक्ष नको तिथे होतं म्हणून बाई गेली, अशी तिसरी शक्यता आपल्या पडद्यावर शिरतच नाही.

मी वाईला राहतो. कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झालो. पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ, गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत तिने गावात छोटं प्रसूतिगृह चालवलं. घरात तिला मी डॉक्टरीणबाई म्हणतो, आणि ती मला, विशेषतः मी काही धार्मिक बोलायला लागलो की, 'शास्त्रीबुवा'. मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिने आम्हाला 'ईआर' ही जुनी अमेरिकन मालिका लावून दिली. शिकागोच्या एका सार्वजनिक रुग्णालयातला तातडीचा विभाग आणि तिथले डॉक्टर. १९९४ ते २००९ अशी पंधरा वर्षं ती एनबीसी वाहिनीवर चालली. तिचा जनक मायकल क्रायटन स्वतः हार्वर्डमधून वैद्यकीय शिक्षण घेतलेला, पण डॉक्टरकी न करता कादंबऱ्यांकडे वळलेला. पहिल्याच वर्षातला 'लव्हज लेबर लॉस्ट' नावाचा भाग ९ मार्च १९९५ रोजी दाखवला गेला. तो लिहिणारा लान्स जेंटिल तातडीच्या विभागात काम केलेला डॉक्टर होता. पटकथेसाठी त्याला आणि दिग्दर्शनासाठी मिमी लेडर यांना एमी पुरस्कार मिळाला.

गोष्ट थोडक्यात अशी. दिवस भरत आलेली एक बाई नवऱ्याबरोबर येते. तक्रार साधी, सारखी लघवीला लागते. डॉक्टर मार्क ग्रीन, विभागातला सर्वांत भरवशाचा आणि प्रेमळ माणूस, तिला तपासतो, मूत्रमार्गाचा संसर्ग म्हणतो आणि औषध देऊन घरी पाठवतो. इथे डॉक्टरीणबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. "बीपी परत घे की रे बाबा," त्या पडद्याला म्हणाल्या, "आणि ते अल्ब्युमिन संसर्गाच्या खात्यावर कसलं मांडतोस?" पडद्यावरच्या डॉक्टरांना त्या नेहमी अरेतुरे करतात. बाई बाहेर पडते आणि तिला झटके येतात. गरोदरपणातल्या वाढत्या रक्तदाबाचं टोक, एक्लॅम्प्सिया. झटके थांबवतात, मॅग्नेशियम लावतात. प्रसूतीचे तज्ज्ञ मोकळे नसतात, ग्रीन ठरवतो की बाळंतपण आपणच करू. मग एकामागून एक सगळं बिनसत जातं. बाळाचं डोकं बाहेर येतं आणि खांदा अडकतो. डोकं पुन्हा आत ढकलून तिथेच, त्या खोलीतच, पोट उघडावं लागतं. वार आधीच सुटलेली निघते. बाळ वाचतं. आईचं रक्त थांबत नाही. तज्ज्ञ बाई पोचतात तेव्हा फार उशीर झालेला असतो, आणि त्या ग्रीनला जे सुनावतात त्यात खोटं काहीच नसतं.

सगळं संपल्यावर डॉक्टरीणबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चांगला पोरगा आहे हो. पण चुकला." ही दोन वाक्यं एका श्वासात म्हणणारा माणूस आपल्याकडे दुर्मिळ. आपण पहिलं म्हटलं की दुसरं गिळतो, दुसरं म्हटलं की पहिलं विसरतो आणि काचा फोडतो.

माझा प्रश्न मात्र शास्त्रीबुवाचा होता. या माणसाला पाप लागलं का?

वाईत असल्या प्रश्नाला पुस्तकं कमी पडत नाहीत. इथल्या प्राज्ञपाठशाळेने धर्मकोशासारखं अवाढव्य काम केलं. आणि भारतरत्न पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात प्रायश्चित्तांसाठी चौथा खंड आहेच. तो उघडला की आपल्या पूर्वजांना पापाचा किती बारीक हिशेब ठेवायची सवय होती ते कळतं. कधी हसू येतं, कधी अंगावर काटा. पण नेमका आमचा प्रसंग त्यांनी विचारात घेतलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की उपकार म्हणून उपचार करत असताना ब्राह्मण दगावला तर पातक नाही. औषध देताना किंवा डाग देताना गाय-बैल मेला तरी नाही. पुढच्या प्रायश्चित्तविषयक स्मृतींमध्ये तर अडलेल्या गाईचा गर्भ सोडवताना प्रयत्न करूनही ती गेली तर प्रायश्चित्त नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. अडलेला गर्भ, प्रयत्न, मृत्यू. शिकागोची सगळी रात्र एका श्लोकात. (गाईसाठी एवढा विचार केला, बाईचं नाव कुठे, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी पान उलटलं.)

म्हणजे धर्मशास्त्राच्या न्यायालयात ग्रीन सुटला? तसंही नाही. राजाचा हिशेब वेगळा होता. मनू चुकीचे उपचार करणाऱ्या वैद्याला दंड सांगतो, जनावराच्या बाबतीत कमी, माणसाच्या बाबतीत जास्त. कौटिल्य अधिक नेमका आहे. जिवाला धोका आहे हे न कळवता वैद्याने उपचार केले आणि रोगी मेला, तर पहिल्या दर्जाचा दंड. उपचारातल्या चुकीने मेला, तर मधल्या दर्जाचा. मर्मावर इजा केली, तर तो प्रकार मारहाणीच्या सदरात जातो. 'न कळवणं' हा कौटिल्याने वेगळा, स्वतंत्र गुन्हा मानला आहे, आणि यादीत तो सगळ्यात आधी येतो. हे मी लक्षात ठेवलं, कारण पुढे माझ्या मावशीची गोष्ट येणार आहे.

पाप नाही पण दंड आहे, ही विभागणी शहाणपणाची आहे. तरी ती माझं समाधान करत नाही. कारण ज्याच्या हाताखाली बाई गेली त्याला ना पापाच्या माफीने झोप लागते, ना दंड भरल्याने. बर्नार्ड विल्यम्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये यावर एक उदाहरण दिलं होतं. लॉरीचालकाची काही चूक नसताना मूल चाकाखाली येतं. रस्त्यावरच्या बघ्यांनाही दुःख होतं, पण चालकाचं दुःख वेगळ्या जातीचं असतं. तुझी चूक नव्हती असं आपण त्याला सांगतो, सांगायलाच हवं. पण त्याने ते चटकन मान्य करून डबा उघडला आणि जेवायला बसला, तर आपल्यालाच तो माणूस विचित्र वाटेल. त्याच चर्चेत टॉमस नेगेलने पुढचा खिळा ठोकला. दोन चालक सारखेच निष्काळजी, एकाच्या वाटेत मूल आलं, दुसऱ्याच्या नाही. एकाला आपण खुनी म्हणतो, दुसऱ्याला कुणी विचारत नाही. दोघांत फरक कशाचा? नशिबाचा. मग नीती नशिबावर चालते की काय?

या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरं आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

बौद्धांचं उत्तर हेतूचं. धम्मपदाच्या अट्ठकथेतली पहिलीच गोष्ट चक्खुपाल नावाच्या आंधळ्या स्थविराची. पावसानंतर तो पहाटे येरझारा घालतो आणि पायाखाली किडे मरतात. भिक्षू तक्रार करतात. बुद्ध म्हणतात, त्याला दिसलं नाही, मारण्याचा हेतू नव्हता, दोष नाही. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण भिक्षू पुढे विचारतात, एवढा सिद्ध पुरुष आंधळा का झाला? आणि उत्तर येतं की हा पूर्वजन्मी वैद्य होता. एका बाईचे डोळे त्याने बरे केले, तिने वचन मोडायचं म्हणून अजून दुखतंय असं खोटं सांगितलं, वैद्य चिडला आणि त्याने मुद्दाम असं औषध दिलं की तिचे डोळे कायमचे गेले. एकाच गोष्टीत नकळत मारणारा आणि जाणूनबुजून बिघडवणारा, दोन्ही, आणि तोच माणूस. किती कसलेला कथाकार असेल! पण पाहा, इथेही दोनच खाने आहेत. हेतू होता, हेतू नव्हता. आपल्या मालिकेतली नणंद पहिल्या खान्यात बसते, ग्रीन दुसऱ्या खान्यातून सुटून जातो.

जैनांनी तिसरा खाना केला. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडली आहे. गाफीलपणे वागण्यातून जीव जाणं म्हणजे हिंसा. आणि कुंदकुंदाचार्य तर यापुढे जाऊन म्हणतात की जीव मेला की वाचला हा प्रश्नच नाही, जो सावध नव्हता त्याला हिंसा लागली, आणि जो पाऊल जपून टाकत होता त्याला किडा पायाखाली आला तरी बंध नाही. नेगेलचे दोन चालक इथे एका रांगेत उभे राहतात. मूल आडवं आलं नाही म्हणून सुटलेला दुसरा चालकही हिंसकच.

हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या उठून कपाटातून एक लांब, कापडी पाठीची वही घेऊन आल्या. प्रसूतिगृहात दाखल होणाऱ्यांची नोंदवही वेगळी होती, ही त्यांची स्वतःची. हिच्यात गेलेल्या बायकांची नावं नाहीत, वाचलेल्यांची आहेत. कुणाचं बीपी संध्याकाळी घ्यायचं राहिलं आणि सकाळी चढलेलं मिळालं. कुणाच्या रक्तगटाची चिठ्ठी दुसऱ्या केसपेपरला लागली होती, आयाच्या लक्षात आलं. कुणाला साताऱ्याला हलवायचा निर्णय तासभर आधी घेता आला असता. शेवटी सगळ्यांपुढे 'आई व बाळ सुखरूप'. पेढे आले, नारळ आले, आणि घरी येऊन या बाईंनी असं लिहून ठेवलं की जणू काही दगावलं आहे. कुंदकुंदाचार्यांचं नावही तिने ऐकलेलं नव्हतं. तपासणीत चाललेली बेफिकिरी परिणाम चांगला आला म्हणून पुसली जात नाही, हे तिला लेबर रूममध्ये उभं राहून कळलं होतं. मला त्यासाठी आचार्यांचा आधार लागला.

आता दैवाकडे येतो, कारण खरा गोंधळ तिथे आहे.

माझी मावसबहीण पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला होता आणि तो संध्याकाळपर्यंत कुणी पाहिला नव्हता, हे आम्हाला नंतर एका नर्सकडून कळलं, तेही जिन्यात. डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "आयुष्याची दोरी तेवढीच होती." माझी मावशी सातवी शिकलेली, वारी करणारी, गळ्यात माळ. ती म्हणाली, "दोरी देवाचीच हो. पण कागद कोणी बघितला नाही, तेवढं सांगा." डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मावशीला भरपाई नको होती, तिला कुणाला तुरुंगात घालायचं नव्हतं. तिला एक वाक्य हवं होतं. ते न मिळताच ती गेली.

गंमत अशी की आयुष्याची दोरी ठरलेली असते, हे मत वैद्यकाचा आद्य आचार्यच मान्य करत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात यावर सविस्तर वाद आहे. आयुष्य जर ठरलेलंच असेल तर औषधं कशाला, मंत्र कशाला, असा चरकाचा सवाल आहे. आणि मग पिसाळलेला हत्ती समोरून आला तर बाजूला तरी का व्हायचं? तिथेच गाडीच्या आसाचं उदाहरण येतं. चांगला आस चांगल्या रस्त्यावर झिजून झिजून आपल्या वेळी मोडतो. तोच आस जास्त ओझ्याने, खडबडीत वाटेने, वंगण न घातल्याने आणि हाकणाऱ्याच्या चुकीने आधीच मोडतो. हाकणाऱ्याची चूक हे चरकाने स्वतः लिहिलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला जे लिहिताना लाज वाटली नाही, ते पुण्याच्या वातानुकूलित खोलीत सांगता येऊ नये?

आणि गीता. 'सगळं वरच्याच्या हातात' म्हणणाऱ्यांच्या भिंतीवर तिचंच चित्र असतं, रथ आणि पांढरे घोडे. त्याच गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या हालचाली, आणि दैव. अधिष्ठान म्हणजे देह असं भाष्यकार घेतात, आणि शंकराचार्य दैव म्हणजे इंद्रियांच्या देवता घेतात. ते मला ठाऊक आहे. पण लोक ज्या अर्थाने दैव म्हणतात तोच अर्थ घेतला तरी माझं काम भागतं. कारण क्रम पाहा. दैव पाचवं आहे. त्याच्या आधी चार गोष्टी मोजल्या आहेत, आणि त्या चार न मोजता पाचव्यावर उडी मारण्याची परवानगी गीतेने कुणालाही दिलेली नाही.

शिकागोचीच रात्र घ्या. देह त्या बाईचा, रक्तदाब चढत गेलेला. जागा तातडीच्या विभागातली, जिथे छातीत गोळी लागलेला माणूस सांभाळायची तयारी असते, अडलेलं बाळंतपण सांभाळायची नसते. कर्ता ग्रीन, चांगला, दमलेला, आणि आपल्याला जमेल याची थोडी जास्तच खात्री असलेला. साधनांमध्ये सोनोग्राफी, रक्ताच्या पिशव्या, आणि वेळेवर न मिळालेले तज्ज्ञ. हालचालींमध्ये पहिल्या तपासणीपासून तिला घरी पाठवण्यापर्यंतचा प्रत्येक निर्णय. हे सगळं मांडून झाल्यावर, गर्भाशयात डोळ्याआड सुटत गेलेली वार, हिला हवं तर दैव म्हणा. आता तो शब्द प्रामाणिक आहे. तोच शब्द पहिल्या मिनिटाला उच्चारला असता तर तो पांघरूण झाला असता.

याच ठिकाणी मालिकेशी माझं भांडण आहे, आणि ते अमेरिकन मालिकेशीच आहे, आपल्या मालिकांशी भांडावं एवढं त्यांच्यात काही नाही. 'ईआर'चा कॅमेरा कर्त्यावरून हलत नाही. ग्रीनचा घाम, ग्रीनचे हात, ग्रीनचा चेहरा. भाग संपतो तेव्हा आपल्याला दया येते ती डॉक्टरची. मेलेली बाई त्याच्या शोकांतिकेची सामग्री होऊन बसते. गीतेच्या त्याच ठिकाणी, दोनच श्लोक पुढे, जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असं सांगितलं आहे. आपण हे नेहमी यशाच्या बाबतीत वाचतो, मी केलं मी केलं म्हणू नये वगैरे. ते अपयशालाही लागू आहे. 'मीच मारलं' असं म्हणून कोसळणारा डॉक्टर दिसायला नम्र दिसतो, पण जागा, साधनं, वेळापत्रक, बारा-बारा तासांच्या पाळ्या, न येणारे तज्ज्ञ, सगळं तो आपल्या एकट्याच्या छातीखाली झाकतो. मग दुसऱ्या दिवशी तीच खोली, तीच साधनं, आणि नवी बाई. अपराधाच्या भावनेतही अहंकाराला भरपूर जागा असते.

डॉक्टरीणबाईंना हे पटलं नाही. "तुम्ही कधी कुणाचं पोट उघडलेलं नाही," त्या म्हणाल्या, "रात्री एकटं असताना जे वाटतं त्याला अहंकार म्हणणं सोपं आहे." हे मी इथे तसंच ठेवतो, कारण मला त्याचं उत्तर सुचलेलं नाही.

पण दुसरी गोष्ट त्यांनाही खटकली. ग्रीन नवऱ्याला सांगायला जातो तेव्हा मालिका आवाज बंद करते. काचेपलीकडे नवरा बाळाला घेऊन बसलेला, ग्रीन काहीतरी बोलतो, नवऱ्याचा चेहरा बदलतो. फार सुंदर चित्रण म्हणून त्याचं कौतुक होतं, आणि कला म्हणून ते आहेच. पण तो काय बोलला? 'गुंतागुंत झाली' म्हणाला, की 'सकाळी मला ओळखायला हवं होतं, मी ओळखलं नाही' म्हणाला? संबंध भागातलं सर्वांत अवघड वाक्य लेखकाने काचेआड ठेवलं. लेखक स्वतः डॉक्टर होता, हे इथे आठवतं.

असं वाक्य का उच्चारलं जात नाही, याची कारणं मला कळतात. १९९५ मध्ये, 'ईआर'चा तो भाग आला त्याच वर्षी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निकाल दिला. २००५ मध्ये त्याच न्यायालयाने फौजदारी गुन्ह्यासाठी साधी चूक पुरत नाही, ढोबळ निष्काळजीपणा लागतो, असं सांगून डॉक्टरांना थोडा आधार दिला. आताच्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर इतरांना पाच वर्षांपर्यंत आणि नोंदणीकृत डॉक्टरांना उपचारादरम्यान दोन वर्षांपर्यंत कैद आहे. वकील म्हणतो, तोंड उघडू नका. आणि वकिलापेक्षा मोठी भीती जमावाची. महाराष्ट्राने २०१० मध्ये डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा केला, म्हणजे हल्ले किती नेहमीचे झाले होते ते पाहा. "मी खरं सांगितलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणतात, "तर तुमच्या मावशीसारखी एखादी ऐकून घेणारी मिळाली असती, आणि तिच्यामागे उभे असलेले दहा पुतणे खुर्च्या उचलणारे."

खरं आहे. पण पुतणे खुर्च्या का उचलतात, तेही पाहायला हवं. वर्षानुवर्षं आपण डॉक्टरला देवमाणूस म्हटलं. प्रतीक्षागृहात धन्वंतरी, साईबाबा आणि डॉक्टरांचा सत्कार स्वीकारतानाचा फोटो एकाच ओळीत टांगले. देवाच्या हातून चूक होत नाही. तेव्हा माणूस मेला तर एक तर देवाची इच्छा, किंवा हा देव नव्हताच, राक्षस होता. तिसरा खाना आम्हाला कुणी दाखवलाच नाही, ना मालिकेने, ना कीर्तनाने, ना डॉक्टरांनी.

तिसऱ्या खान्याची खोली डॉक्टरांकडे असते, पण तिचं दार बंद असतं. मोठ्या रुग्णालयांत मृत्यू आणि गुंतागुंतीच्या प्रकरणांवर आपापसात चर्चा होते. विदर्भातल्या उटी गावच्या घराण्यातले, अमेरिकेत वाढलेले सर्जन अतुल गावंडे यांनी १९९९ मध्ये अशा बैठकीबद्दल आणि तिथे मांडल्या गेलेल्या स्वतःच्या चुकीबद्दल लिहिलं. पुढे त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची तपासणी-यादी तयार झाली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. २००९ चा हा निष्कर्ष. रोग्याचं नाव मोठ्याने म्हणा, कापायची जागा कोणती ते म्हणा, रक्त तयार आहे का विचारा, अशा साध्या गोष्टी त्या यादीत आहेत. प्रमाद म्हणजे काय, ते जैन मुनींनंतर इतकं नेमकं कुणी मांडल्याचं मला माहीत नाही. पण त्या चर्चेच्या खोलीत मेलेल्याची मावशी नसते.

एका ठिकाणी मात्र ती असते, निदान कागदावर. प्रसूतीत दगावलेल्या प्रत्येक बाईच्या मृत्यूची चौकशी व्हावी, म्हणून २०१० मध्ये देशभर पद्धत घालून दिली गेली. आपल्याकडे तिला माता मृत्यू अन्वेषण म्हणतात. आशा आणि आरोग्यसेविका घरी जाऊन विचारपूस करतात, रुग्णालयाचे कागद तपासले जातात, आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या बैठकीत घरच्या माणसांना बोलावून त्यांचं ऐकायचं असतं. कुणाला शिक्षा करण्यासाठी हे नाही, हे नियमातच लिहिलेलं आहे. डॉक्टरीणबाई काही वर्षं खाजगी डॉक्टरांच्या वतीने या बैठकांना जायच्या. त्या सांगतात की तिथे 'नशीब' हा शब्द चालत नाही. कळ कधी आली, गाडी कधी निघाली, गाडीला डिझेल होतं का, पहिल्या दवाखान्यात किती वेळ गेला, रक्त कुठून आणलं, असे प्रश्न असतात. एकदा एक सासरा उठून म्हणाला, "हे सगळं तुम्हाला माहीत होतं, तर आम्हाला त्या दिवशी का नाही सांगितलं?" कुणी काही बोललं नाही, पण कुणी त्याला खालीही बसवलं नाही.

भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ९७, महाराष्ट्रात ३३, हे २०१८ ते २०२० चे सरकारी आकडे. पूर्वीच्या मानाने फार कमी. ते दैव बदलल्यामुळे कमी झाले नाहीत, आधीच्या चार कारणांवर कुणीतरी काम केलं.

माझी मागणी लहान आहे. ती बाळंतिणींपुरती नको, रुग्णालयात अवचित गेलेल्या प्रत्येक माणसाच्या बाबतीत हवी. चौकशीत काय निघालं ते घरच्यांना लेखी कळवावं, मराठीत, सातवी शिकलेल्या बाईला वाचता येईल असं. कोणता कागद कोणी, किती वाजता पाहायला हवा होता आणि तो का पाहिला गेला नाही, एवढं त्यात असावं. खाली डॉक्टरांची सही असावी. आणि ती सही न्यायालयात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, अशी तरतूद कायद्यात करावी.